मसुदा साहेबाचा, शिक्का राजाचा

नऊ ऑगस्ट जवळ आला की संस्थानिकांवरून दरवर्षी तीच भांडणं. एक पार्टी म्हणणार सगळे राजे इंग्रजांचे हुजरे, बेचाळीसला आपल्याच लोकांना जेलात घालणारे. दुसरी पार्टी लगेच धरणं, शाळा, बोर्डिंगं यांचे फोटो टाकून म्हणणार बिचाऱ्यांच्या हातात होतं काय, कायदे सगळे साहेबाने लादलेले. दोघांचं गृहीतक मात्र एकच, की कायदा करणारा कुणीतरी एकटाच होता, फक्त तो कोण एवढंच ठरवायचंय. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. युद्धकाळातले आणीबाणीचे कायदे, म्हणजे विनाचौकशी स्थानबद्धता, सभाबंदी, छापखान्यांवर सेन्सॉर वगैरे, हे एकट्या साहेबाचं काम नव्हतं आणि एकट्या राजाचंही नव्हतं, दोघांनी संगनमताने केलेलं होतं, दोघांना ते आपापल्या कारणासाठी हवं होतं, आणि दोघांचं असल्यामुळेच त्याचा जाब कुणालाच विचारता येत नव्हता. बांधावरच्या बाभळीसारखं, लाकूडफाटा न्यायला दोन्हीकडचे हजर आणि काटा रुतला की झाड शेजाऱ्याचं.

आधी कायद्याची बाजू नीट बघू, कारण भांडणारे बहुतेक जण ती बघतच नाहीत. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर केलं, कुणालाही न विचारता, आणि त्याच दिवशी संरक्षणाचा वटहुकूम निघाला. महिना संपायच्या आत त्याचा डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट झाला, काँग्रेसचे सभासद तेव्हा केंद्रीय असेंब्लीत बसतही नव्हते. पण हा कायदा लागू होता ब्रिटिश हद्दीत. संस्थानात तो लागू होता फक्त तिथे राहणाऱ्या ब्रिटिश प्रजेला आणि सरकारी नोकरांना. छावण्या, रेसिडेन्सीची जागा, संस्थानातून जाणाऱ्या बऱ्याच रेल्वेची पट्टी इथेही साहेबाचाच अंमल चालायचा, ते वेगळं. पण रुळापासून चार पावलं बाजूला झालं की राजाचं राज्य. आणि अशी पाचशे साठच्या वर राज्यं, देशाच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ दोन-पंचमांश भाग, लोकसंख्येचा साधारण चौथा हिस्सा. एवढ्या जागेत कायद्याला भोकं राहिली तर बाहेरच्या बंदोबस्ताला अर्थ काय? म्हणून राजकीय खात्याने रेसिडेंटांमार्फत, म्हणजे संस्थानांत बसवलेल्या साहेबाच्या प्रतिनिधींमार्फत, दरबारांच्या मागे लागून तसेच नियम तिथेही करून घेतले, आणि हैदराबाद, काश्मीर अशा कितीतरी दरबारांनी थोडे शब्द बदलून ते स्वतःच्या नावाने काढले. राजाचा शिक्का नुसता शोभेचा नव्हता. त्या मुलखात त्याच्याशिवाय कायदा उभाच राहिला नसता.

आणि ही पद्धत काही १९३९ ला अचानक सुचलेली नाही. ऑगस्ट १९०९ मध्ये लॉर्ड मिंटोने मोठ्या संस्थानिकांना पत्रं पाठवली होती, राजद्रोहाचा बंदोबस्त कसा करावा यावर तुमचं मत काय म्हणून. उत्तरं आली, सरकारने ती छापली पण. कुणी वर्तमानपत्रांवर बंदी घातली, कुणी बाहेरून येणाऱ्यांवर पाळत ठेवायचे हुकूम काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिंटो उदयपूरला भाषण करून सांगतो की आम्ही संस्थानांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही. हा सौदा आहे, आणि तो उघड आहे: तुम्ही आमचे बंडखोर सांभाळा, आम्ही तुमच्या कारभाराकडे डोळेझाक करतो. पुढे १९२२ ला तर उलटंच झालं. जुना प्रेस अ‍ॅक्ट रद्द झाला तसे संस्थानिक घाबरले, की आता पुण्या-मुंबईचे, दिल्लीचे पेपर आपली लफडी छापणार. त्यांना संरक्षण देणारं बिल सरकारने असेंब्लीत आणलं तर असेंब्लीने ते मांडायलाच परवानगी दिली नाही. मग व्हाइसरॉय रीडिंगने आपला खास अधिकार वापरून ते पास करून टाकलं. म्हणजे इथे मागणी राजाची आणि सही साहेबाची. आता सांगा, कुणी कुणावर लादलं?

पहिल्या महायुद्धातल्या कायद्याने काय केलं ते आपल्याकडच्या एका माणसावरून सांगतो. विष्णू गणेश पिंगळे, शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेरेचा पोरगा, अमेरिकेत शिकायला गेलेला, तिथे गदरवाल्यांत, म्हणजे परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या पक्षात, सामील झाला आणि परत येऊन मार्च १९१५ मध्ये मेरठच्या बाराव्या घोडदळाच्या लाइनीत बॉम्बसकट सापडला. त्याच महिन्यात डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट पास झाला, पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ओड्वायर याने त्यासाठी लकडा लावलेला होता. खटला लाहोरच्या जेलमध्येच चालला, तीन कमिशनरांपुढे, ज्युरी नाही आणि निकालावर अपील नाही. एप्रिलमध्ये सुरू, १३ सप्टेंबरला निकाल, चोवीस जणांना फाशी. व्हाइसरॉय हार्डिंगने त्यातल्या सतरा जणांची फाशी कमी करून जन्मठेप केली. उरलेल्या सातांना १६ नोव्हेंबर १९१५ ला फाशी दिलं, त्यात करतारसिंग सराभा आणि आपला पिंगळे. ज्या कायद्याने सुनावलेल्या चोवीस फाशांपैकी सतरा त्याच सरकारच्या प्रमुखाला जास्त वाटाव्यात तो कायदा किती विचार करून केला असेल? आणि कायदा काय फक्त बॉम्बवाल्यांसाठी राहिला का? त्याच नियमांखाली १९१७ ला टिळकांना पंजाब आणि दिल्लीत यायला बंदी झाली, सत्तरीच्या बेसंटबाईंना उटीला स्थानबद्ध केलं. होमरूलची व्याख्यानं देणाऱ्यांकडून जर्मनीला काय फायदा होणार होता ते साहेबच जाणे.

आता समोरच्यांचं खरं वजनदार म्हणणं घेऊ, कारण ते हसण्यावारी न्यायचं नाही. म्हणणं असं की राजांना पर्यायच नव्हता. आणि पुरावा भरपूर आहे. बडोद्याच्या मल्हाररावांना १८७५ ला उचललं, नाभ्याच्या राजाला १९२३ ला आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना १९२६ ला गादी सोडावी लागली, आणि त्याच १९२६ मध्ये रीडिंगने निजामाला वऱ्हाडच्या प्रकरणात सरळ लिहून कळवलं की हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता फक्त ब्रिटिश राजमुकुटाची. जिथे निजामाला हे ऐकून घ्यावं लागतं तिथे जत, फलटणची काय कथा. सगळ्यात बोलकं उदाहरण राजकोटचं. डिसेंबर १९३८ मध्ये तिथल्या ठाकोरसाहेबांनी वल्लभभाईंशी करार केला, सुधारणांसाठी कमिटी नेमायची म्हणून, आणि रेसिडेंट गिब्सनने डोळे वटारल्यावर थोड्याच दिवसांत तो फिरवला. लोकांना काही द्यायला निघालेल्या राजाचा हात साहेबाने असा धरला. हे खरं आहे, आणि जे लोक सगळ्या राजांना एकाच दावणीला बांधतात त्यांनी राजकोटचं काय करायचं ते सांगावं.

पण म्हणून राजांना नाही म्हणता येतच नव्हतं असं ठरतं का? १९३५ च्या कायद्यात फेडरेशन, म्हणजे ब्रिटिश प्रांत आणि संस्थानं यांचं मिळून संघराज्य, होतं, संस्थानांनी स्वखुशीने सामील व्हायचं होतं, आणि लिनलिथगो तीन वर्षं त्यांच्या पाया पडायचा बाकी होता. दूत पाठवले, अटी सैल केल्या, आणि तरी जून १९३९ ला मुंबईत जमलेल्या संस्थानिकांनी सांगितलं की या अटी आम्हाला मान्य नाहीत. झालं काय त्यांना? गादी गेली कुणाची? कुणाचीच नाही. सप्टेंबरात युद्ध लागल्यावर व्हाइसरॉयनेच फेडरेशन गुंडाळून ठेवलं. तर जूनमध्ये ज्यांना साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या योजनेला नकार देता आला, त्यांना तीन महिन्यांनी स्थानबद्धतेच्या नियमाला का नाही म्हणता आलं नाही? कारण म्हणायचंच नव्हतं. फेडरेशनमध्ये हक्क जाणार होते, युद्धाच्या कायद्यात मिळणार होते. तेव्हा देशभर संस्थानांत काय चाललं होतं ते बघा: राजकोट, जयपूर, म्हैसूर, त्रावणकोर सगळीकडे राजाकडे हक्क मागणाऱ्या प्रजा परिषदा उठलेल्या, ओरिसात रणपूरला जानेवारी १९३९ मध्ये पोलिटिकल एजंट जमावाच्या हातून मेलेला. हैदराबादेत स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच निजामाने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९४६ पर्यंत उठवली नाही, स्वामी रामानंद तीर्थांसारखे लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा जेलात. हिटलर कुठे पोलंडात होता, राजवाड्याच्या फाटकाशी प्रजा परिषद होती. अशा वेळी साम्राज्याच्या संरक्षणाच्या नावाखाली चौकशीशिवाय माणूस आत टाकायचा अधिकार मिळतोय, तोही आपला जुलूम म्हणून नाव न येता, तर कोण सोडेल?

दुसरा आक्षेप असा की युद्ध खोटं नव्हतं. मान्य. १९१४ ला एम्डेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या, एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर. ब्लॅकआउट हवाच होता, हेर धरायलाच हवे होते. शिवाय याच नियमांतून किमतींवर नियंत्रण आलं, मुंबईत मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं, आजच्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याचं मूळ तिथेच आहे. पण बघा, त्याच १९४३ ला बंगालमध्ये लाखो लोक उपाशी मेले. त्याआधी १९४२ ला जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या ताब्यात घ्यायला सरकारला अधिकार सापडले होते, धान्य वेळेवर हलवायला सापडले नाहीत. मग अधिकार कमी होते असं कसं म्हणणार? ते कुणाच्या धाकाने, कुणासाठी वापरायचे हा प्रश्न होता, आणि धाक कुणाचाच नव्हता. ऑक्टोबर १९४० ला पवनारहून निघून युद्धाविरुद्ध शांतपणे भाषण करणाऱ्या विनोबांना आत टाकून कुठली आघाडी मजबूत झाली?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, अहो खुद्द इंग्लंडमध्ये पण हेच नियम होते. होते ना! पण तिथे काय झालं ते पुढे कुणी सांगत नाही. तिथल्या रेग्युलेशन अठरा-बी मध्ये आधी नुसतं मंत्र्याची खात्री पटली की माणूस आत अशी तरतूद होती, त्यावर ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस पार्लमेंटात खासदारांनी धारेवर धरलं आणि सरकारला मसुदा बदलून वाजवी कारण असलं पाहिजे असं घालावं लागलं. पुढे १९४१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने बहुमताने ते शब्द पातळ केले, एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन विरोधात राहिले, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे काय? कायद्यात लिहिलं होतं की माणसावर वाजवी संशय असला पाहिजे, आणि त्याखालच्या सव्विसाव्या नियमात वाजवी बिजवी काही नाही, सरकारची खात्री पटली की बस. मुंबईच्या केशव तळपदेंच्या प्रकरणात एप्रिल १९४३ ला फेडरल कोर्टाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी नेमकं हेच बोट ठेवलं आणि नियम कायद्याच्या बाहेर जातो म्हणून रद्द ठरवला. (हे ग्वायर तेच, ज्यांनी १९३९ ला राजकोटच्या वादात वल्लभभाईंच्या बाजूने निवाडा दिला होता. इंग्रज न्यायाधीश म्हणून सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हे पण लक्षात ठेवावं.) मग हजारो स्थानबद्ध सुटले का? छे. आठवडाभरात व्हाइसरॉयचा वटहुकूम आला, नियम तसाच ठेवून कायदाच मागे जाऊन बदलला, आणि जुन्या सगळ्या अटका पुन्हा कायदेशीर झाल्या. लंडनला खासदारांना मसुदा बदलून घेता आला, इथे देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट जिंकून पण हरलं. आणि हे ब्रिटिश हद्दीतलं झालं. संस्थानातल्या स्थानबद्धाला हे फेडरल कोर्टाचं दारसुद्धा नव्हतं, कारण फेडरेशनच झालं नव्हतं, आणि ते राजांनीच नको म्हटलं होतं.

आता पुरोगामी राजांचा मुद्दा. शाहू महाराजांनी १९०२ ला निम्म्या जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, सयाजीरावांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, या गोष्टींपुढे मी हात जोडतो. पण सामाजिक सुधारणा करणारं राज्य आणि लोकांना जबाब देणारं राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि युद्धाचा कायदा तपासायचा तर दुसरी लागते. राजा चांगला असला तरी तो कायमचा असतो का? राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० ला गेले आणि बेचाळीसच्या धामधुमीत कोल्हापूरच्या गादीवर वयात आलेला राजाच नव्हता. कारभार अधिकाऱ्यांच्या हातात, आणि डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्या पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शाहूंच्या संस्थानात हे झालं. आता यात राजाला गद्दार म्हणायचं की असहाय म्हणायचं? राजाच नाही तिथे. राजा असो नसो, शिक्का आपलं काम करत होता.

तिथून फार लांब नाही ते औंध बघा, म्हणजे पर्याय नव्हता म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. बहात्तर गावांचं चिमुकलं संस्थान, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये गांधींच्या सल्ल्याने लोकांना राज्यघटना देऊन टाकली आणि स्वतः नामधारी झाले. इतर दरबार स्थानबद्धतेचे नियम लिहीत होते त्याच वर्षी औंधने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंतीशिवायचं जेल काढलं, कैदी शेती करतात, कुटुंब जवळ ठेवतात! कुणी म्हणेल औंध लहान होतं म्हणून चाललं. पण लहान होतं म्हणूनच ते चिरडणं सोपं होतं ना? बाळासाहेबांनी युद्धाला उघड विरोध वगैरे केला नाही, तेवढी ताकद नव्हतीच. पण साहेबाची सोय म्हणून आपल्या लोकांची गळचेपी करायची घाई पण केली नाही, आणि गादी शेवटपर्यंत राहिली.

याचा परिणाम सातारच्या प्रतिसरकारच्या वेळी जमिनीवर दिसला. नकाशा आठवा: सातारा जिल्हा ब्रिटिश, त्यात मधेमधे औंध, सांगली, मिरज, जत, फलटण, कोल्हापूरचे तुकडे घुसलेले, कुठे ओढ्याच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरं. कुंडल औंधचं. जी. डी. बापू लाडांचं गाव, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांचा मोठा आधार. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून लुटली, त्यातली माणसं या गावांतलीच. ब्रिटिश पोलिसाला हद्द ओलांडायची तर रीतसर कागदपत्रं, पोलिटिकल एजंटाचं वॉरंट, दरबाराचा होकार. म्हणूनच साहेबाला दरबाराची गरज होती, आणि जिथे दरबार मनापासून साथ देत नाही तिथे कायद्याला दात राहत नाहीत हे औंधने दाखवलं. उलट सांगलीत वसंतदादा संस्थानच्या जेलात अडकलेले. त्या जेलातून २४ जुलै १९४३ ला तट फोडून, उड्या मारून ते साथीदारांसह बाहेर पडले, पाठलागात दोन साथीदार मारले गेले, दादांना गोळी लागली. एका मुलखात, दीड-दोन महिन्यांत, शेजारच्या दोन संस्थानांत एवढा फरक. मग सगळ्यांना एकच उत्तर पुरेल कसं?

हे फक्त इथेच झालं असंही नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला हिंदी शिपायांची पलटण उठली तेव्हा ते बंड मोडायला जोहोरचा सुलतान इब्राहिम स्वतःचे शिपाई घेऊन आला होता. जिथे जिथे साहेब स्थानिक गादीच्या आडून राज्य करत होता तिथे अडचणीच्या वेळी दोघांचं गणित जुळायचं.

आता राहिला युद्ध संपल्यावरचा भाग, आणि मला विचाराल तर खरी परीक्षा तीच. १९१५ चा कायदा युद्ध आणि वर सहा महिने एवढाच होता, पण तो संपायच्या आत सरकारने १९१९ ला रौलट अ‍ॅक्ट आणला, शांततेच्या काळासाठी. त्यावरून काय झालं ते जालियनवाला बागेपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. १९३९ चा कायदा ३० सप्टेंबर १९४६ ला संपला. त्यानंतर साहेब गेला, दोन वर्षांत राजेही गेले, आणि फेब्रुवारी १९५० मध्ये, घटना लागू होऊन महिना झाला नाही तोच, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आला. मांडला तो वल्लभभाईंनी, ज्यांनी ही सगळी संस्थानं विलीन केली आणि बेचाळीसपासून जे स्वतः जवळजवळ तीन वर्षं स्थानबद्ध होते. एका वर्षासाठी म्हणून आलेला तो कायदा मुदती वाढवत वाढवत १९६९ च्या अखेरपर्यंत चालला. १९६२ ला चीनची लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत. तेव्हाच्या डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समधला तिसावा नियम आणि १९३९ चा सव्विसावा शेजारी ठेवून वाचा, भाऊभाऊ वाटतील. डिसेंबर १९७१ चं युद्ध तर तेरा दिवसांत जिंकलं. त्यासाठी लावलेली आणीबाणी कुणी उठवलीच नाही, मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला तेव्हा त्याच युद्धाच्या नियमांखाली आणि मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली रेल्वे कामगारांना हजारोंनी धरलं, आणि जून १९७५ ला आणखी एक आणीबाणी आली तेव्हा एकाहत्तरची अजून चालूच होती. पंच्याहत्तरची आणीबाणी सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची साडेतीन वर्षं पाकिस्तानशी युद्ध चालू नसताना एकाहत्तरची आणीबाणी का चालू होती हे तेव्हा संसदेत, पेपरात, कोर्टात किती जणांनी विचारलं?